नाव सोडले, द्राक्ष सोडले नाही
टस्कनीतील एका छोट्या द्राक्षमळ्याची कथा

इटलीच्या टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या वैरी शहरांच्या मधोमध टेकड्यांचा एक पट्टा आहे. ओक आणि चेस्टनटची राने, त्यांच्या अधेमधे ऑलिव्हच्या राखाडी बागा आणि उतारांवर ओळीने उभ्या असलेल्या द्राक्षवेली. हा कियांतीचा मुलूख. त्यातील राद्दा या दगडी भिंतींच्या गावाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वाचारशे मीटर उंचीवर, मॉन्तेवेर्तिने नावाचे एक शेत आहे. १९६७ साली पोज्जीबोन्सी गावचे लोखंड-पोलादाच्या व्यवसायातील एक उद्योजक सेर्जो मानेत्ती यांनी ते विकत घेतले, ते सुट्टीत राहायला एक घर असावे म्हणून. पाहुण्यांना आणि आपल्या गिऱ्हाइकांना देण्यापुरती वाईन घरचीच असावी, या माफक हेतूने त्यांनी दोन हेक्टरांत वेली लावल्या. चौदा वर्षांनी, १९८१ साली, याच माणसाने आपल्या बाटलीवर ‘कियांती क्लासिको’ हे नाव लिहिण्याचा हक्क आपण होऊन सोडून दिला. ज्या नावासाठी शेजारचे शेतकरी जिवाचे रान करीत, ते नाव सोडण्याचे कारण होते एक द्राक्षाचा वाण, आणि त्यात पांढरी द्राक्षे मिसळण्याची सरकारी सक्ती.

ही सक्ती आली कोठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पत्रातून निघालेला नियम

कियांतीच्या सीमा ठरविण्याचे काम फार जुने आहे. मेदिची घराण्यातील ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ साली फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल दार्नो दि सोप्रा अशा चार प्रदेशांच्या हद्दी आखून दिल्या. त्या हद्दीबाहेरच्या मालाला ते नाव लावण्यास मनाई होती. वाईनच्या नावाला कायद्याने भूगोलाशी बांधण्याचा हा युरोपातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक.

नाव कोणत्या मातीचे हे ठरले, तरी त्या बाटलीत काय असावे हे ठरायला आणखी दीडशे वर्षे लागली. ब्रोलिओ किल्ल्याचे धनी बॅरन बेत्तिनो रिकासोली हे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान. राजकारणाइतकाच त्यांना द्राक्षांचा नाद होता. वर्षानुवर्षे निरनिराळे वाण लावून आणि त्यांची मिश्रणे करून पाहिल्यावर १८७२ साली त्यांनी पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्राने आपले निष्कर्ष कळविले. वाईनला गंध आणि जोम मिळतो तो सांजोवेसे या काळ्या द्राक्षापासून, त्याचा कडकपणा कमी करण्यासाठी कानायोलो हे दुसरे काळे द्राक्ष घालावे, आणि मालवासिया या पांढऱ्या द्राक्षाने वाईन हलकी होऊन रोजच्या जेवणात लवकर पिता येते, असा त्याचा मथितार्थ होता. मात्र जी वाईन साठवून मुरवायची आहे तीत मालवासिया टाळलेलीच बरी, असेही बॅरनसाहेबांनी स्पष्ट केले होते.

पुढच्या पिढ्यांनी पत्राचा पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरल्या. १९६७ साली, म्हणजे मानेत्ती यांनी शेत घेतले त्याच वर्षी, कियांतीला सरकारी नियंत्रित नामाचा दर्जा मिळाला. त्या नियमावलीत सांजोवेसेचे प्रमाण ५० ते ८० टक्के आणि पांढऱ्या द्राक्षांचे १० ते ३० टक्के असे बांधून दिले गेले. पांढऱ्यांत मालवासियाच्या जोडीला त्रेब्बियानो आले. हे भरघोस पिकणारे, पण चवीला पाणचट द्राक्ष रिकासोलींच्या पत्रात नव्हतेच. त्रेब्बियानोच्या वेली टेकड्यांवर आधीच मुबलक होत्या आणि तो माल कोठेतरी खपवायला हवा होता, हे यातले व्यवहाराचे सत्य. परिणाम व्हायचा तो झाला. वाळक्या गवताच्या वेष्टनातील ‘फियास्को’ नावाची पोटफुगी बाटली जगभरच्या इटालियन खानावळींच्या टेबलांवर पोचली. रिकामी झाल्यावर तिच्यात मेणबत्ती खोचण्याची पद्धत पडली. आतल्या वाईनपेक्षा बाटलीचीच आठवण लोकांना राहिली, असे म्हणण्याची पाळी आली.

गंमत अशी, की सिएनाच्या दक्षिणेला मोंताल्चिनो गावात याच सांजोवेसेपासून ‘ब्रुनेल्लो’ ही वाईन बनते आणि तेथे नियम नेमका उलटा होता. त्या वाईनमध्ये सांजोवेसेखेरीज दुसरे काही घालणे हाच गुन्हा. एकाच जिल्ह्यात एका टेकडीवर जे बंधनकारक होते, तेच दुसरीवर निषिद्ध होते.

अर्धेलीची शेते ओस पडली

मानेत्तींसारख्या शहरी माणसाला १९६७ साली कियांतीत दगडी घर आणि शेत सहज मिळाले, यामागे एका समाजव्यवस्थेचा अंत होता. टस्कनीत शतकानुशतके ‘मेझाद्रिया’, म्हणजे अर्धेलीची पद्धत चालत आली होती. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुटुंबाचे, आणि पीक निम्मेनिम्मे. एकाच वावरात गहू, ऑलिव्ह आणि द्राक्षे असत. वेली मेपलच्या झाडांवर चढवलेल्या असत, त्यामुळे खालची जमीन नांगरायला मोकळी राहत असे. अशा शेतावर कुळाला सगळे थोडेथोडे मिळे, पोटापुरते मिळे, पण उत्तम वाईन मिळणे कठीण. शिवाय निम्मे पीक मालकाच्या घरी जाणार असेल, तर द्राक्षांची संख्या कमी करून गुणवत्ता वाढवावी असे कोणते कूळ म्हणेल?

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने उभे राहिले आणि तरुण मंडळी शहरांकडे निघाली. १९६४ साली इटलीने कायदा करून अर्धेलीचे नवे करार बंद केले. उरलेसुरले करारही १९८२ च्या कायद्याने खंडाच्या करारांत बदलण्याची वाट मोकळी झाली. दरम्यान डोंगरउतारावरची शेकडो घरे रिकामी पडली. ज्या देखण्या दगडी घरांची छायाचित्रे आज सहल कंपन्यांच्या पुस्तिकांत झळकतात, त्यांतील कित्येक घरे त्या काळात दारे मोडून, छपरे खचून उभी होती. ती घेतली मिलान-रोमच्या डॉक्टर-वकिलांनी, ब्रिटिश आणि जर्मन हौशी मंडळींनी आणि मानेत्तींसारख्या उद्योजकांनी. या नव्या मालकांकडे पैसा होता आणि परंपरेचे ओझे नव्हते. कियांतीच्या वाईनचा कायापालट घडला तो बऱ्याच अंशी या बाहेरून आलेल्या माणसांमुळे, आणि न बोलता त्यांना शिकविणाऱ्या जुन्या माणसांमुळे.

मॉन्तेवेर्तिनेत अशी दोन माणसे होती. एक ब्रुनो बिनी. शेताची आणि तळघराची रोजची जबाबदारी त्यांनी सांभाळली. दुसरे पोज्जीबोन्सीचेच जुलिओ गाम्बेल्ली. गाम्बेल्लींकडे वाईनशास्त्राची पदवी नव्हती. ब्रुनेल्लोचे नाव मोठे करणाऱ्या बियोंदी-सांती घराण्यातील तांक्रेदी यांच्या हाताखाली ते उमेदीच्या काळात शिकले आणि पुढे केवळ जिभेच्या बळावर अनेक शेतांचे सल्लागार झाले. लोक त्यांना ‘बिक्किएरिनो’, म्हणजे छोटा पेला, या टोपणनावाने ओळखत. सांजोवेसे हे एकटे उभे राहू शकणारे द्राक्ष आहे, त्याला मदतीची गरज नाही, या मताचे ते आयुष्यभर होते.

वेलीचे वर्ष

सांजोवेसे हे नाव ‘जोव्हचे रक्त’, म्हणजे रोमन देवाधिदेव ज्युपिटरचे रक्त, या लॅटिन शब्दांवरून आल्याची समजूत आहे. नाव भारदस्त असले तरी द्राक्ष मोठे लहरी. साल पातळ, पिकायला उशीर, अंगात आम्लता भरपूर आणि रंग बेताचा. माती बदलली, उतार बदलला की चव बदलते. २००४ साली जनुकीय तपासणीतून त्याचे मायबाप सापडले. एक टस्कनीचे जुने चिलिएजोलो आणि दुसरे दक्षिण इटलीतील कालाब्रेझे दि मोंतेनुओवो हे जवळपास विस्मरणात गेलेले द्राक्ष. टस्कनीचा हा मानबिंदू निम्मा दक्षिणेचा निघाला.

नाशिक किंवा सांगलीच्या बागायतदाराला टस्कनीचे वेळापत्रक चमत्कारिक वाटेल. महाराष्ट्रात थंडी अशी नसल्याने वेल पूर्ण झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या करून जानेवारी ते मार्चमध्ये माल काढला जातो. कियांतीत वेल नोव्हेंबरात पाने टाकते आणि मार्चपर्यंत निपचित पडते. छाटणी एकच, ती जानेवारी ते मार्च या काळात. हात गारठून जाण्याच्या थंडीत प्रत्येक वेलीपाशी थांबून कोणती काडी ठेवायची, किती डोळे राखायचे, याचा निर्णय घ्यावा लागतो. तारेवर आडवा ओलांडा धरून त्यावर आखूड खुंट्या ठेवण्याची पद्धत येथे रूढ आहे. काही शेतांवर दरवर्षी एक नवी लांब काडी बांधली जाते. एक वेल छाटायला फारसा वेळ लागत नाही, पण हेक्टरी पाच हजारांच्या आसपास वेली असल्यावर दोघातिघांचा हिवाळा त्यातच सरतो.

जमीन दोन प्रकारची. हातात घेताच पापुद्र्यांसारखी सुटी होणारी ठिसूळ चिकणखडी, तिला ‘गालेस्त्रो’ म्हणतात, आणि कठीण चुनखडीचा ‘आल्बेरेसे’. दोन्हींत दगड फार. गव्हाला ही जमीन नकोशी. द्राक्षाला मात्र मानवते, कारण पाण्याच्या शोधात मुळे खोल जातात आणि वेल पानांचा पसारा वाढवीत बसत नाही. वेली अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून त्याला पर्याय उरलेला नाही. नाशिककडे डॉगरिजच्या खुंटावर कलमे बांधली जातात ती पाण्याच्या ताणामुळे आणि क्षारांमुळे. रोग वेगळा, तोडगा मात्र एकच.

एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि शेतकऱ्याची झोप उडते. कोवळ्या फुटव्यांवर एका रात्रीचे दहिवर गोठले तरी वर्षाचे पीक निम्मे होऊ शकते. एप्रिल २०१७ मध्ये टस्कनीने हे पाहिले, आणि त्याच उन्हाळ्यात भाजून काढणारा दुष्काळही पाहिला. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला फुलोरा येतो. त्यानंतर बुरशीचे दिवस. केवडा आणि भुरी या आपल्या बागायतदारांच्या ओळखीच्या दोन्ही बुरश्या तेथेही ठाण मांडून असतात. उपायही ओळखीचेच, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आणि गंधक. २०२३ च्या मे-जूनमध्ये मध्य इटलीत पाऊस थांबेना. फवारलेले औषध धुऊन जाई, पुन्हा फवारावे तर चिखलात ट्रॅक्टर शिरेना. केवड्याने बागाच्या बागा खाल्ल्या आणि त्या वर्षी इटलीचे एकूण वाईन उत्पादन कित्येक दशकांतील नीचांकाला गेले. सेंद्रिय शेतीचे व्रत घेतलेल्यांना तांब्याखेरीज फारसे हत्यार नसते. त्यांची फरफट अधिक झाली.

ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते. हिरवे मणी एकेक करून जांभळे होऊ लागतात. याच सुमारास होणारे एक काम पाहून जुन्या पिढीचे शेतकरी हळहळत असत. चांगले वाढलेले घड कापून जमिनीवर टाकायचे. वेलीवर घड कमी, म्हणजे उरलेल्यांत गोडी, रंग आणि वास अधिक. कियांती क्लासिकोच्या नियमानुसार हेक्टरी साडेसात टनांहून अधिक द्राक्षे घेता येत नाहीत. उत्तम वाईन करणारे बरेच जण त्याच्याही खाली थांबतात. ज्यांच्या वाडवडिलांनी अर्ध्या हिश्श्यासाठी एकेक घड जपला, त्यांच्या नातवांनी स्वतःच्या हाताने घड मातीत टाकावे, हे काळाने घडविलेले नवल आहे.

पीक तयार होऊ लागले, की राने जागी होतात. रानडुकरे आणि हरणे यांना द्राक्षाची गोडी माणसांच्या यंत्रापेक्षा आधी कळते. रानालगतच्या बागेला विजेच्या तारेचे कुंपण घातल्याशिवाय येथे निभाव लागत नाही.

तोडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. राद्दा उंचावर असल्याने तेथे सर्वांत उशिरा. तारीख ठरविणे हा वर्षातला सर्वांत मोठा जुगार. आणखी आठवडाभर थांबले तर गोडी वाढेल आणि बियांचा तुरटपणा निवेल, पण त्याच आठवड्यात शरदातील पाऊस आला तर पातळ सालीचे मणी फुटून कुजतील. छोट्या शेतावर तोडणी हातानेच होते. मिचमिचे, कुजके घड जागेवरच वगळून उरलेले उथळ क्रेटमध्ये भरले जातात. खोल टोपल्यांत खालचे मणी चिरडून रस वाटेतच फसफसू लागतो.

तळघरात

तळघरात आल्यावर पहिले काम म्हणजे घडाचे देठ वेगळे करणे. देठ तसेच राहिले तर वाईनला हिरवट कडवटपणा येतो. मणी हलकेच फोडून साल, बिया आणि रस असा सगळा लगदा टाकीत जातो. लाल वाईनचा रंग रसात नसतो, सालीत असतो, म्हणून सालीसकटच ती आंबवायची. मॉन्तेवेर्तिनेत यासाठी सिमेंटच्या टाक्या वापरतात. पोलादाच्या चकचकीत टाक्यांपुढे त्या जुनाट दिसतात, पण जाड भिंतींमुळे आतले तापमान एकदम वरखाली होत नाही. बाजारातील यीस्टची पाकिटे तेथे लागत नाहीत. सालीवर आणि तळघरात मुक्कामाला असलेले यीस्टच कामाला लागते.

साखरेची मद्यार्क होण्याची ही क्रिया मोठी जोरकस असते. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. रसात २३० ग्रॅम साखर असेल तर वाईन साडेतेरा टक्क्यांच्या घरात जाते. सोबत कर्बवायू निघतो. तो साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर टाकीच्या तोंडाशी साचतो. तो कोरडा पडून आंबट होऊ नये म्हणून खालचा रस दिवसातून एकदोनदा उपसून वरून सोडावा लागतो. पूर्वी तळघरात शिरताना पेटती मेणबत्ती हाती धरीत. ज्योत मंदावली की आल्या पावली मागे फिरायचे. कर्बवायूने गुदमरून माणसे दगावल्याच्या घटना वाईनच्या मुलखात सर्वत्र आहेत, त्यामुळे या काळजीला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही.

तीनचार आठवड्यांनी साली वेगळ्या काढून दाबल्या जातात. पुढे आणखी एक क्रिया होते, तिचा गाजावाजा कमी. जिवाणू वाईनमधील कैरीसारख्या आंबट मॅलिक आम्लाचे दुधातल्यासारख्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. सांजोवेसेची धार बोथट होते ती येथे. मग पिंपे. क्रोएशियातील स्लावोनियाच्या ओकची प्रचंड पिंपे ही टस्कनीची जुनी रीत. त्यांत वाईन संथपणे श्वास घेते आणि लाकडाचा वास तिच्यावर स्वार होत नाही. १९७० च्या दशकापासून फ्रान्समधील २२५ लिटरची छोटी पिंपे आली. त्यांत लाकडाचा स्पर्श अधिक, आणि नवे पिंप असेल तर व्हॅनिलाचा वास इतका, की काही काळ टस्कनीची वाईन जगातल्या कोठल्याही महागड्या वाईनसारखी लागू लागली होती. मॉन्तेवेर्तिनेत ‘ले पेर्गोले तोर्ते’ ही वाईन दोन्हींत मुरते, आधी थोरल्या पिंपांत आणि नंतर छोट्यांत, अशी दोन वर्षे. शेताच्याच नावाची ‘मॉन्तेवेर्तिने’ ही वाईन केवळ थोरल्या पिंपांत मुरते. तिच्यात सांजोवेसेच्या जोडीला थोडे कानायोलो आणि कोलोरिनो हे काळे वाण असतात. बाष्पीभवनाने पिंपात पोकळी पडते, ती वेळोवेळी भरून काढणे आणि तळाशी बसलेला गाळ सोडून वाईन दुसऱ्या पिंपात घेणे, हा हिवाळ्यातला उद्योग.

वाकड्या मांडवांची वाईन

‘ले पेर्गोले तोर्ते’ म्हणजे ‘वाकडे मांडव’. उत्तरेकडे उतरत जाणाऱ्या एका जुन्या तुकड्याचे हे नाव. तेथे १९६८ साली लावलेल्या वेलींच्या केवळ सांजोवेसेपासून १९७७ च्या हंगामात ही वाईन प्रथम तयार झाली. पांढरे द्राक्ष नाही, आणि त्या काळात टस्कनीत फोफावू लागलेली काबर्ने सोव्हिन्यों ही फ्रेंच द्राक्षेही नाहीत. त्याआधी १९७१ साली सिद्ध झालेल्या पहिल्या वाईनचे कौतुक झाल्यावर मानेत्तींनी उद्योगधंदा सोडून पूर्णवेळ शेतीच पत्करली होती.

तक्रार होती ती कायद्याची. संपूर्ण सांजोवेसेची वाईन कियांती क्लासिको या नावास पात्र नव्हती. १९२४ साली राद्दात ३३ उत्पादकांनी स्थापलेला आणि काळ्या कोंबड्याचे चिन्ह मिरविणारा उत्पादक संघ नियमाला बांधलेला होता. मानेत्ती १९८१ साली संघातून बाहेर पडले आणि आपली सर्व वाईन ‘विनो दा तावोला’, म्हणजे साधी टेबल वाईन, म्हणून विकू लागले. इटालियन कायद्याच्या उतरंडीत ही सर्वांत खालची पायरी. याच पायरीवर आन्तिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो आणि समुद्रकाठच्या बोल्गेरीची सास्सिकाया या वाईनही स्वतःच्या वेगळ्या कारणांनी उभ्या होत्या. इंग्रजी पत्रकारांनी त्यांना ‘सुपर टस्कन’ म्हटले. ग्राहक सर्वांत खालच्या दर्जाच्या कागदी नावाला सर्वांत वरची किंमत मोजू लागले, आणि सरकारी मोहोर असलेली कियांती दुकानातील खालच्या फळीवर राहिली. एखाद्या कायद्याची याहून जाहीर फजिती क्वचितच झाली असेल.

कायदा हळूहळू ताळ्यावर आला. १९८४ साली पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण नाममात्र करण्यात आले. १९९२ च्या कायद्याने टेबल वाईन आणि नियंत्रित नाम यांच्यामध्ये प्रदेशदर्शक नामाची नवी पायरी तयार केली. १९९६ साली कियांती क्लासिकोत शंभर टक्के सांजोवेसेला मुभा मिळाली आणि २००६ पासून पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. एकेकाळी जे घालणे सक्तीचे होते, ते घालणे आता नियमभंग ठरते. २०२१ साली संघाने आणखी एक पाऊल टाकले. ‘ग्रान सेलेत्सिओने’ या सर्वोच्च प्रतीत सांजोवेसे किमान ९० टक्के हवे आणि उरलेले वाणही स्थानिकच हवेत, असे ठरले. बाटलीवर राद्दासारख्या उपविभागाचे नाव घालण्याची सोयही झाली.

मॉन्तेवेर्तिने मात्र परतले नाही. सेर्जो मानेत्ती २००० साली वारले. पुत्र मार्तिनो यांनी कारभार हाती घेतला. गाम्बेल्ली २०१२ च्या जानेवारीत निधन पावेपर्यंत या शेताशी जोडलेले राहिले. दरवाजा उघडा असताना न परतणे हा हट्ट म्हणता येईल. पण चार दशके ज्या नावाशिवाय चालले त्याची गरज काय, या प्रश्नाला संघाकडे फारसे सोयीचे उत्तर नाही. बाटलीवर केवळ टस्कनी प्रांताचे नाव असते आणि पेर्गोले तोर्तेच्या बाटलीवर चित्रकार आल्बेर्तो मान्फ्रेदी यांनी रेखाटलेला एका स्त्रीचा चेहरा, प्रत्येक हंगामाला निराळा.

पोटापाण्याचे गणित

नावाजलेल्या शेताची गोष्ट ऐकून छोट्या द्राक्षमळ्याचे जीवन सुखाचे असेल असे वाटू शकते. गणित तसे सोपे नाही. हेक्टरी साडेसात टन द्राक्षांपासून साधारण सव्वापाच हजार लिटर वाईन मिळते, म्हणजे जास्तीत जास्त सात हजार बाटल्या. उत्पादन मुद्दाम कमी ठेवले तर त्याहूनही कमी. वेल लावल्यापासून पहिले उपयोगी पीक यायला तीन वर्षे आणि दखल घेण्याजोगी वाईन व्हायला दहा. त्यावर दोन-अडीच वर्षे पिंपात मुरवायची, म्हणजे एका हंगामाचा खर्च पूर्ण झाला तरी दोन हंगामांचे पैसे तळघरात अडकलेले. मॉन्तेवेर्तिनेच्या बागा आता अठरा हेक्टरांच्या, म्हणजे सुमारे ४५ एकरांच्या आसपास आहेत. टस्कनीत ते शेत छोटेच मोजले जाते, पण त्याहून लहान, चारपाच हेक्टरांची शेते कियांतीत पुष्कळ आहेत.

अशांना हात दिला तो ऑलिव्हने आणि पाहुण्यांनी. द्राक्षतोडणी आटोपली की नोव्हेंबरात ऑलिव्ह काढून तेल गाळायचे. जानेवारी १९८५ च्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत टस्कनीतील लाखो ऑलिव्हची झाडे मेली; कित्येक बागा बुंध्यापाशी कापून नव्या धुमाऱ्यांपासून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. योगायोगाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इटलीने शेतावरील पर्यटनाचा कायदा केला. शेतकऱ्याने आपल्या घरात पाहुणे ठेवावेत, घरचे जेवण द्यावे, पण शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा, अशी त्याची अट होती. कोकणात आणि नाशिकजवळ गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुजलेल्या कृषी पर्यटनाचे हे थोरले भावंड. आज कियांतीत अनेक छोट्या मळ्यांचा हिशेब जुळतो तो उन्हाळ्यातील खोल्यांच्या भाड्यामुळे.

सांजोवेसेचा महाराष्ट्राशी थेट धागाही आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घराण्यांतील भावंडांनी मिळून २००७ साली ‘फ्रातेल्ली’, म्हणजे ‘बंधू’, ही कंपनी सुरू केली. सोलापूर जिल्ह्यातील उन्हात त्यांनी जे वाण लावले त्यांत सांजोवेसे होते, आणि वाईन बनविण्यासाठी आले ते कियांतीचेच अनुभवी पिएरो मासी. त्यांच्या ‘सेत्ते’ या वाईनमध्ये सांजोवेसेला काबर्नेची जोड आहे. दोन छाटण्यांच्या वेळापत्रकात हे उशिरा पिकणारे द्राक्ष बसविणे हे कसबाचेच काम.

राद्दाचा प्रश्न सध्या उलट दिशेने बदलतो आहे. पूर्वी या उंच, थंड टेकड्यांवर सांजोवेसे दहा वर्षांतून निम्म्या वेळाही नीट पिकत नसे, म्हणून त्याला मदतनीस वाण लागत, अशी जुनी माणसे सांगत. आता उन्हाळे तापू लागले आहेत आणि तोडणी अलीकडे सरकली आहे. खालच्या, दक्षिणाभिमुख उतारांवर साखर लवकर चढते पण साल आणि बिया मागे राहतात. वाईन तीव्र होते आणि तजेला हरवते. त्यामुळे एकेकाळी कमी प्रतीच्या मानलेल्या उत्तरेकडच्या उंच जमिनींकडे बागायतदारांचे लक्ष वळले आहे. वाकड्या मांडवांचा तो तुकडा नेमका तसाच आहे, आणि तेथे १९६८ साली लावलेल्या वेलींची छाटणी दर हिवाळ्यात हातानेच होते.